मेंदूतला ‘कचरा’ एमआरआयमध्ये दिसतो का?

आई-वडिलांना विसर पडू लागला की मुलं फिल्म पुढे करून विचारतात, “डॉक्टर, मेंदूत साचलेला कचरा यात दिसतो का?” नेहमीच्या एमआरआयमध्ये तो दिसत नाही. मात्र हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मेंदूच्या पेशी अमायलॉइड, टाऊ अशी प्रथिनं बाहेर टाकतात. अल्झायमरमध्ये हीच साचतात. २०१२ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं, की मेंदूभोवतीचा द्रव रक्तवाहिन्यांलगतच्या जागेतून आत शिरतो आणि असा कचरा वाहून नेतो. या यंत्रणेला ‘ग्लिम्फॅटिक’ म्हणतात.

माणसात हे पाहण्यासाठी नॉर्वेतल्या ओस्लोमध्ये रुग्णांच्या पाठीतून, मणक्याच्या द्रवात कॉन्ट्रास्ट, म्हणजे एमआरआयमध्ये उठून दिसणारं द्रव्य, सोडून पुन्हा पुन्हा एमआरआय काढले गेले. रात्रभर जागवलेल्यांच्या मेंदूतून कॉन्ट्रास्ट हळू बाहेर पडला आणि पुढच्या रात्रीच्या झोपेने ती कसर भरून निघाली नाही, असं तिथे २०२१ साली आढळलं. जपानच्या नागोया विद्यापीठाने २०१७ मध्ये सुई न टोचता, पाण्याच्या हालचालीवरून अंदाज बांधणारी एमआरआय पद्धत मांडली. पण ती मेंदूच्या एका लहानशा भागावरून काढलेली अप्रत्यक्ष खूण आहे. कचरा किती निघाला ते ती मोजत नाही. शिवाय २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांना उंदरांमध्ये झोपेत ही सफाई उलट मंदावलेली दिसली. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही.

म्हणून ‘मेंदूच्या सफाईचा स्कॅन’ कुणी विकायला आलं, तर पैसे घालवू नका. या तपासण्या आज संशोधनासाठी आहेत, तुमचे उपचार त्यांवरून ठरत नाहीत.

साधा एमआरआय मात्र डॉक्टरांनी सांगितला तर टाळू नका. डोक्यात साचलेलं रक्त, गाठ, लहान पक्षाघात त्यात सापडतात. विसरभोळेपणाबरोबर पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आणि लघवीवर ताबा नसणं, अशी तक्रार असेल तर ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस’, म्हणजे मेंदूत द्रव साचण्याचा आजार, असू शकतो. वेळेत ओळखला तर शस्त्रक्रियेने बऱ्याच जणांची चाल सुधारते. बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या.

झोपेविषयी माझा आग्रह उंदरांवरच्या प्रयोगांवर अवलंबून नाही. सुमारे ८,००० ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ पाहणीत, पन्नाशी-साठीत रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये सात तास झोपणाऱ्यांपेक्षा स्मृतिभ्रंश सुमारे ३० टक्के जास्त आढळला. कमी झोप हेच त्याचं कारण, असं यावरून ठरत नाही; तरीही सात तासांची झोप सांभाळा. मोठ्याने घोरताना श्वास अडकत असेल तर तपासून घ्या. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवा, ऐकू कमी येत असेल तर कानाचं यंत्र लावायला लाजू नका.

आणि विसराळूपणामुळे पैशांचे व्यवहार चुकू लागले, ओळखीचा रस्ता सापडेना झाला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच आठवड्यात आई-वडिलांना डॉक्टरांकडे घेऊन जा.