टाकी केव्हा रिकामी होईल?

मशिदीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. नळाला पाणी आले की मोटार लावून ती भरतात. वजूसाठी दिवसभर तेच पाणी वापरतात. ते रात्रीपर्यंत पुरेल का? कोणी शिडीवर चढून टाकीत डोकावतो. पण त्यातून फक्त आताचे पाणी कळते. पुढचे कसे कळणार?

यासाठी टाकीच्या झाकणाला आतून सेन्सर, म्हणजे संवेदक, बसवतात. तो आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी खाली सोडतो. ध्वनी पाण्यावर आपटून परत येतो. त्याला लागलेल्या वेळेवरून पाणी किती खाली आहे हे समजते. टाकीच्या उंचीतून हे अंतर वजा केले की पाण्याची पातळी मिळते.

समजा, सकाळी ७ वाजता पातळी १८० सेंटिमीटर होती. ८ वाजता ती १६८, ९ वाजता १५७ आणि १० वाजता १४४ झाली. तीन तासांत पाणी ३६ सें.मी. उतरले, म्हणजे सरासरी ताशी १२ सें.मी. आलेख कागदावर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर पातळी घ्या. चारही बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत येतील. त्यांच्या जवळून पट्टीने रेषा ओढा व ती पुढे वाढवा. ही रेषा म्हणजेच आपला अंदाज.

१४४ ला १२ ने भागले की १२ तास येतात. म्हणजे टाकी रात्री १० वाजता रिकामी होईल. पण थांबा! नळाकडे जाणारा पाइप तळापासून थोडा वर असतो. तो २४ सें.मी. उंचीवर असेल, तर त्याखालचे पाणी नळाला येणार नाही. उरले १२० सें.मी. ते १० तासच पुरेल. रात्री ८ वाजता, इशाच्या नमाजेच्या सुमारास, नळ कोरडे पडतील!

मात्र दोनच नोंदींवर विसंबू नये. पाणी हलत असेल तर एखादी नोंद चुकू शकते. शुक्रवारी जुम्याच्या वेळी अनेक नळ एकदम उघडतात, तेव्हा पाणी भराभर उतरते. मोटार सुरू झाली की पातळी वर चढते. अशा वेळी जुनी रेषा सोडून नवी ओढावी लागते. प्रत्येक रेषेत एक अट दडलेली असते : 'हीच गती राहिली तर.'

दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहराने ही गतीच बदलून दाखवली. २०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षे तेथे पाऊस कमी झाला. धरणांत १३.५ टक्के पाणी उरेल, त्या दिवशी बहुतेक घरांचे नळ बंद करायचे आणि माणशी रोज २५ लिटर पाणी रांगेत उभे करून द्यायचे, असे ठरले. या दिवसाला 'शून्य दिवस' म्हणत. जानेवारी २०१८ मध्ये, धरणे किती वेगाने उतरतात यावरून १२ एप्रिल ही तारीख काढण्यात आली. लोक खडबडून जागे झाले. १ फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली. लोक अंघोळीचे पाणी साठवून संडासात वापरू लागले. शेतीचा पाणीवापरही घटला. रेषेचा उतार कमी झाला. तारीख आधी ११ मे, मग ४ जून, मग ९ जुलै अशी पुढे सरकत गेली. तोवर तिकडचा पावसाळा आला आणि तो दिवस उगवलाच नाही.

मग अंदाज खोटा होता का? नाही. तो वेळेवर सांगितला, म्हणूनच संकट टळले.

आपल्या टाकीचेही तसेच आहे. वजू करताना नळ बारीक सोडला आणि गती ताशी १२ ऐवजी १० सें.मी. झाली, तर तेच पाणी १० नव्हे, १२ तास पुरेल. इशाच्या नमाजेलाही सर्वांना वजू करता येईल.

स्वाध्याय
१. 'शून्य दिवस' कशाला म्हणत? तो पुढे का सरकला?
२. टाकीची जुनी रेषा केव्हा सोडून द्यावी लागते?
३. एका टाकीतील पातळी दुपारी २ वाजता ११० सें.मी. आणि ५ वाजता ८० सें.मी. आहे. पाइप २० सें.मी. उंचीवर आहे. नळ केव्हा कोरडे पडतील?