बोटाने बोलणे शिकवताना

एक प्रयोग करून पाहा. तुम्ही डोळखांबच्या शाळेत बसला आहात, पोट दुखते आहे, पण तोंडातून शब्द फुटत नाही असे समजा. कागदावर आठ चौकोन आखा, त्यांत चित्रे काढा आणि नुसते बोट ठेवून शेजाऱ्याला दुखणे सांगा. पुष्कळजण पाणी, भाकरी, चेंडू अशा वस्तूच काढतात आणि मग अडतात. ‘दुखतं’, ‘नको’, ‘थांब’, ‘अजून’ हे शब्द फलकावर नसतातच!

वाणी-उपचाराच्या विद्यार्थ्याला पहिला धडा हाच. सेरेब्रल पाल्सी झालेल्या कित्येक मुलांची समज शाबूत असते. जीभ, ओठ, श्वास यांच्या स्नायूंवर मात्र ताबा नसतो. १९७१ साली टोरांटोत अशा मुलांना चार्ल्स ब्लिस यांनी रचलेली चिन्हे शिकवण्यात आली. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.त ‘जेलो’ हे ॲप तयार झाले. चित्रावर बोट ठेवले की ते मराठीतही बोलते. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत (स्थापना १९८३) वाणी-उपचाराचे शिक्षण मिळते.

यंत्र चालवणे दोन दिवसांत येते. गप्प बसणे फार अवघड! आपण मिनिटाला शंभराहून अधिक शब्द सहज बोलतो. बोटाने बोलणाऱ्याचे बहुधा पंधराही होत नाहीत. शिकाऊ उपचारक घाईने मुलाचे वाक्य पुरे करून टाकतो. म्हणून त्याला मनात दहा अंक मोजण्याची सवय लावावी लागते. शिवाय स्वतः बोलताना त्यानेही चित्रांवर बोट ठेवायचे, कारण पाहिल्याशिवाय मूल शिकणार कसे?

मराठीची गंमत निराळीच. ‘मी’ आणि ‘जाणे’ ही चित्रे जोडली, तर मुलगा ‘जातो’ म्हणेल, मुलगी ‘जाते’. बोलणारा कोण, हे यंत्राला आधी सांगावे लागते.

“यंत्र दिले तर पोर बोलायचेच सोडेल,” अशी भीती पालकांना वाटते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २७ जणांच्या नोंदी तपासल्या होत्या. २४ जणांचे तोंडी बोलणे वाढले, तिघांचे होते तेवढेच राहिले. कमी कोणाचेच झाले नाही.

आवणीच्या दिवसांत भर पावसात शेतावर फोन कोण नेणार? तिथे प्लॅस्टिकमध्ये मढवलेला कागदी फलकच बरा. त्यावर कोणते शब्द घ्यायचे, हे उपचारकाने आईला आणि मुलाच्या सवंगड्यांना विचारावे.