बजीचे मडके दिवाळीनंतर टांगा, उन्हाळ्याआधी उतरवा

पाऊस ओसरला, नवी बाजरी खळ्यावर आली, की ओसरीवर बजीची जोडी पाळणारे विचारू लागतात, विणीसाठी मडके कधी टांगायचे? (दुकानात सर्रास लव्हबर्ड म्हणून विकले जाणारे पट्टेदार छोटे पोपट ते हेच.) दिवाळीचे फटाके पूर्ण थांबल्यावर टांगा. अंड्यांवर बसलेली मादी रात्रीच्या आवाजाने बिथरते, अंधारात पिंजऱ्याच्या जाळीवर आपटते, आणि तोवर अंडी गार होतात.

बजी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले. तिथे पाऊस पडून गवताला दाणा धरला की ते अंडी घालतात आणि दुष्काळ पडला की थांबतात. आपल्या पिंजऱ्यात दाणापाणी बारा महिने असते, म्हणून ते आपणहून थांबत नाहीत. एकामागून एक वीण घेत मादी झिजते आणि अकाली मरते. तिला थांबवणे हे पाळणाऱ्याचे काम आहे, आणि विणीच्या व्यवस्थापनात मी सर्वात जास्त महत्त्व यालाच देतो.

जोडी निवडताना मादी किमान दहा-बारा महिन्यांची हवी. चोचीवरचा मांसल भाग नराचा निळा असतो, विणीला आलेल्या मादीचा तपकिरी होतो. पूर्ण पिवळ्या आणि पांढऱ्या नरांत तो गुलाबीच राहतो, तिथे फसगत होते. सख्ख्या भावंडांची जोडी लावू नका.

मडके टांगण्याच्या तीन-चार आठवडे आधीपासून खुराक सुधारा. राळे, वरई, बाजरी रोजचीच. त्यासोबत मोड आलेले मूग, स्वच्छ धुतलेली कोथिंबीर किंवा मेथी, आणि अधूनमधून उकडलेले अंडे कुस्करून द्या. ओले खाणे दोन-तीन तासांत उचलून टाका. पावसाळ्यात साठवलेल्या दाण्याला कुबट वास येत असेल तर तो देऊच नका, बुरशीचे विष पाखरांच्या यकृताला बाधते. कॅल्शियमसाठी समुद्रफेस किंवा उकळून, वाळवून भरडलेले अंड्याचे कवच कायम पिंजऱ्यात असू द्या आणि सकाळचे कोवळे ऊन मिळू द्या. यात हयगय झाली की अंडे अडते. अशी मादी पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, शेपटी खालीवर करत कुंथते. पोट दाबू नका. तिला उबेत ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, कारण इथे एक रात्रही जिवावर बेतू शकते.

मडके पिंजऱ्यात उंचावर, पक्के बांधा. आत थोडा लाकडाचा भुसा टाका. गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात आणि वेळीच उपचार झाला नाही तर तसेच राहतात. मडक्याऐवजी लाकडी पेटी लावली तरी तळाला खोलगट खळगा हवाच.

मिलनानंतर साधारण आठ-दहा दिवसांनी पहिले अंडे येते, पुढची दिवसाआड, एकूण चार ते सहा. प्रत्येक अंडे सुमारे अठरा दिवसांनी फुटते. म्हणजे थोरले पिल्लू आठ-दहा दिवसांचे झाले तरी धाकटे नुकतेच बाहेर आलेले असते. खरी नजर या धाकट्यावर ठेवावी लागते. मादी खाली उतरली असताना रोज एकदा मडक्यात डोकवा. गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली दिसली पाहिजे. ती सतत रिकामी राहत असेल तर पिल्लू दबते आहे किंवा उपाशी आहे. त्याच वयाची पिल्ले दुसऱ्या जोडीकडे असतील तर तिथे ठेवून बघा. अंडे सुपीक आहे का हे आठवड्याने मोबाइलच्या बॅटरीसमोर धरल्यास कळते, आत लाल शिरांचे जाळे दिसते.

पिल्ले पाच आठवड्यांच्या सुमारास मडके सोडतात. पुढचा आठवडा-दीड आठवडा नर त्यांना भरवतो, तोवर मादी दुसऱ्या विणीला लागलेली असते. स्वतः दाणा फोडून खाऊ लागलेले पिल्लू लगेच वेगळे करा, नाहीतर मादी त्याच्यावर धावते.

वर्षाला दोन विणी, त्याहून जास्त नाही. विदर्भ-मराठवाड्यात ऊन लवकर चढते, तिथे मी एकीवरच थांबा म्हणेन. तापलेल्या मडक्यात पिल्ले गुदमरतात. शेवटचे पिल्लू बाहेर पडले की मडके काढा, अंड्याचा खुराक बंद करा आणि संध्याकाळी लवकर पिंजरा झाका, बारा तासांचा अंधार मिळू द्या. तरीही मादीने दाण्याच्या वाटीत अंडी घातली तर ती उचलत राहू नका, कारण रिकामी जागा पाहून ती आणखी घालते. ताजी अंडी उकळून, गार करून परत ठेवा. तीनेक आठवड्यांत ती स्वतःच नाद सोडते.

पिल्ले कोण सांभाळणार, हे मडके टांगण्याआधी ठरवा. एका जोडीच्या पिल्लांवर फारसे पैसे सुटत नाहीत, आणि जास्त झालेली पिल्ले बाहेर सोडून दिली तर ती जगत नाहीत. घरे ठरली नसतील तर यंदा मडके टांगूच नका. त्याच्याशिवायही जोडी नीट राहते.