सागाच्या रानाची नवी पिढी

(वरच्या वर्गांसाठी सामान्य विज्ञानाचा पाठ)

हेतू : एका झाडाचे वाढणे आणि रानाची पुनरुत्पत्ती होणे, यांतील भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे.

विवेचन : साग पावसाळ्यात फुलतो. कीटक एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर नेतात. स्वतःच्याच परागाने सागाला बी क्वचितच धरते; म्हणून बहुतेक बीजांना दोन भिन्न झाडांचा वारसा लाभतो. फळाचे कवच कठीण असते व त्यात चारपर्यंत बिया असू शकतात. हिवाळ्यात पिकून गळालेली सर्व फळे एकाच पावसाळ्यात रुजत नाहीत. वणव्यात कोवळे रोप जळाले, तरी मूळ जिवंत असल्यास पुन्हा कोंब फुटतो.

तोडलेल्या सागाच्या बुंध्यालाही धुमारे येतात. परंतु धुमारा हे जुन्याच झाडाचे रूप होय. बीजापासून आलेले रोप मात्र गुणधर्मांनी नवे असते. या भेदाचे महत्त्व इंग्लंडमधील एल्म वृक्षावरून कळते. तेथील इंग्लिश एल्म शतकानुशतके मुळांच्या धुमाऱ्यांपासूनच वाढविला गेला. ही सर्व झाडे एकाच मूळ झाडाची रूपे असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. १९६०-७० या दशकाच्या अखेरीस बुरशीच्या रोगाची तीव्र साथ आली, तेव्हा तिला तोंड देणारे निराळे झाड त्यांत नव्हते. पुढील काही दशकांत ब्रिटनमधील निरनिराळ्या जातींचे मिळून दोन कोटींहून अधिक एल्म नष्ट झाले.

उपक्रम : शाळेच्या रोपवाटिकेसाठी पुष्कळदा जवळच्या एकाच झाडाचे बी आणले जाते. तसे करू नये. शेजारशेजारची झाडे बहुधा एकाच मातृवृक्षाची असतात. यास्तव वन विभागाच्या अनुमतीने, परस्परांपासून दूर असलेल्या वीसेक निरोगी झाडांखालील फळे सारख्या मापाने घेऊन मिसळावीत. काही फळे रानासाठी तशीच राहू द्यावीत. आणलेली फळे काही दिवस आळीपाळीने भिजवून व उन्हात वाळवून पेरावीत. प्रत्येक आठवड्यास किती रोपे उगवली, त्याची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी. पहिल्या पावसाळ्यानंतर वाफा मोडू नये. मागाहून रुजणारे बी निरुपयोगी नसते.

प्रश्न :
१. धुमारा व बीजाचे रोप यांत कोणता फरक आहे?
२. रानातील उत्तम झाडे तेवढी तोडली, तर पुढील पिढीचे बी कोणत्या झाडांचे असेल?