खरा रुपया, खोटा रुपया

घरातल्या जुन्या डब्यात पंचम जॉर्जचा रुपया सापडला आणि त्यावर १९११ साल असले, तर संग्राहक त्याला बरीच किंमत देतात. त्या रुपयात राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना चक्क डुकरासारखा दिसला. मोठी ओरड झाली आणि बहुतेक नाणी वितळवली गेली. १९१२ पासून नीट सोंडेच्या हत्तीचा नवा ठसा आला. पण दुर्मिळ वस्तू म्हटली की तिची नक्कल आलीच. मग हातातला रुपया खरा कशावरून?

प्रथम धातू पाहू. हा रुपया एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा असे. त्यात ९१.७ टक्के चांदी व बाकी तांबे. या मिश्रणाची घनता सुमारे १०.३ येते. शाळेतल्या भौतिक तराजूवर नाणे आधी हवेत तोला. मग बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून तोला. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार वजनात येणारी घट म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. खऱ्या रुपयात ही घट सुमारे १.१३ ग्रॅम असते. तेवढ्याच वजनाच्या पितळी नाण्याची घट १.३७ ग्रॅमच्या आसपास जाईल, कारण पितळेची घनता साडेआठ. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे मात्र आधी काढा. शिवाय घटच मुळी एक ग्रॅमच्या जवळपास असल्याने मापनात ०.१ ग्रॅमची चूक झाली, तर उत्तर नऊ टक्क्यांनी चुकते. वाण्याचा तराजू येथे उपयोगाचा नाही.

झिजलेला रुपया ११.४ ग्रॅम भरला तर घाबरू नका. झिजेने वजन घटते, घनता नाही. पण सालाकडे लक्ष हवे! १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच होती, त्यामुळे १९४२ च्या रुपयाची घनता साडेनऊ आली तर तो खोटा नव्हे.

शिसे व पितळ मिसळून हवी ती घनता साधता येईल, अशी शंका तुमच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. पण असे नाणे दगडी फरशीवर टाकले तर खणखणीत वाजत नाही, बद्द वाजते. जुने वाणी रुपया वाजवून घेत, ते उगाच नव्हे.

आता खरी गोम. समजा, कोणी १९१२ च्या अस्सल रुपयावरील शेवटचा २ कोरून १ केला. धातू खरा, वजन खरे, आवाजही खरा! घनतेला सालातले काय कळणार? येथे भिंग घ्या आणि साल नव्हे, हत्ती पाहा. १९११ साल आणि लांब, स्पष्ट सोंड ही जोडी जमतच नाही. आकड्याभोवतालचा पृष्ठभाग खरवडलेला असेल, तर तोही दिसेल.

ठशातला फरक त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर उतरतो. टांकसाळीतला अपघात बहुधा एखाद्याच नाण्यापुरता असतो. ठशाला तडा गेला तर धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर उंचवटलेली रेघ येते. खोलगट रेघ बहुधा नुसता ओरखडा असतो. विकणारे त्यालाही ‘दुर्मिळ’ म्हणतात, हे निराळे.

संग्राहक ज्याला ‘लखी’ नाणे म्हणतात, त्याची गंमत पाहा. आधीचे नाणे एका ठशाला चिकटून राहते आणि पुढची चकती त्यावरच दाबली जाते. त्यामुळे एका बाजूला राजाचा चेहरा नेहमीसारखा उठावाचा, तर दुसऱ्या बाजूला तोच चेहरा खोलगट आणि आरशातल्यासारखा उलटा! दोन्ही बाजूंना उठावाचेच चेहरे असतील, तर कडेवर भिंग फिरवा. घासून पातळ केलेल्या दोन नाण्यांचा सांधा बहुधा तेथेच सापडेल.