साथीत शाळा बंद ठेवावी का? पालकांनी आधी विचारायचे पाच प्रश्न

साथीच्या बातम्या वाढू लागल्या की दवाखान्यात तापाच्या औषधाइतकाच आणखी एक प्रश्न येतो. एक आई विचारते, "डॉक्टर, शाळा बंद करायला नको का?" त्याच संध्याकाळी दुसरी आई तितक्याच तळमळीनं म्हणते, "शाळा बंद करू नका, असं तुम्ही डॉक्टर लोक सांगत का नाही?" पहिलीच्या घरी डायलिसिसवरचे सासरे असतात. दुसरी चार घरची पोळी-भाजी करते, आणि तिचं मूल दुपारी शाळेतल्या खिचडीवर असतं. दोघींची भीती खरी आहे. म्हणूनच पालकसभेत हा वाद इतका पेटतो आणि बहुतेक वेळा कोणाचंच समाधान न होता संपतो.

बालरोगतज्ज्ञ म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शाळा बंद ठेवणं हे एक औषध आहे. ते कोणत्या आजारावर, कोणाला, किती दिवस द्यायचं आणि त्याचे दुष्परिणाम काय, हे पाहूनच द्यायला हवं. नुसतं "साथ आली, बंद करा" किंवा "काहीही होवो, सुरू ठेवा" म्हणणं म्हणजे रुग्ण न तपासता चिठ्ठी लिहिणं. निर्णय घेण्याआधी पुढचे पाच प्रश्न विचारा.

१. हा आजार सर्वांत जास्त कोणाला गाठतो?

2009 साली स्वाइन फ्लू आला तेव्हा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. 3 ऑगस्टला एक शाळकरी मुलगी दगावली आणि नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. पाठोपाठ पुण्यातल्या आणि नंतर मुंबईतल्या शाळा आठवडाभर बंद झाल्या. त्या निर्णयामागे वैद्यकीय तर्क होता. साठीपुढच्या अनेकांच्या शरीरात पूर्वीच्या मिळत्याजुळत्या विषाणूंमुळे थोडीफार प्रतिकारशक्ती होती, मुलांमध्ये ती नव्हती. शिवाय फ्लू झालेलं मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त दिवस विषाणू पसरवतं. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर आणि तिथून घरोघरी, अशीच फ्लूची वाट असते.

कोविड तसा नव्हता. त्यात धोका वयाबरोबर झपाट्यानं वाढत गेला. लहान मुलांना बहुतेक वेळा सौम्य ताप-सर्दी होऊन गेली. मोजक्या मुलांना काही आठवड्यांनी अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी आणि तीव्र ताप असा गंभीर त्रास झाला, त्यांना आम्ही रुग्णालयात दाखल केलं. पण मुलांच्या बाबतीत कोविडला फ्लूचा नियम जसाच्या तसा लावणं योग्य नव्हतं.

निपाह विषाणूचं गणित आणखी वेगळं. तो पसरतो कमी, पण ज्यांना होतो त्यांच्यातले बरेच जण दगावतात. 2023 च्या सप्टेंबरमध्ये केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात रुग्ण सापडले तेव्हा तिथल्या शाळा काही दिवस बंद ठेवून संपर्कातली माणसं शोधली गेली. बंदी एका जिल्ह्यापुरती होती, थोड्या दिवसांची होती आणि तिचा हेतू ठरलेला होता. तीन आजार, तीन वेगळी उत्तरं. म्हणून साथीचं नाव ऐकताच शाळेविषयी मत बनवू नका. "मुलांना किती धोका आहे, आणि मुलांकडून इतरांना किती?" हे आधी विचारा.

२. साथ आपल्या गावात कोणत्या टप्प्यावर आहे?

फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एक ते चार दिवस लागतात. त्यामुळे आठवडाभर शाळा बंद ठेवली तर संसर्गाच्या एक-दोन साखळ्या तुटू शकतात. पण हे साथीच्या सुरुवातीला खरं असतं. गल्लोगल्ली ताप पसरल्यावर शाळेला कुलूप लावून फारसं काही साधत नाही.

1918 च्या महासाथीत अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरानं लवकर शाळा आणि सभा-समारंभ बंद केले. तिथले मृत्यू उशिरा जाग आलेल्या फिलाडेल्फियापेक्षा बरेच कमी राहिले. त्याच साथीत न्यूयॉर्क आणि शिकागोनं मात्र शाळा सुरू ठेवल्या. दाटीवाटीच्या खोल्यांपेक्षा मुलं हवेशीर वर्गात बरी, तिथे परिचारिका आणि डॉक्टर त्यांना रोज पाहू शकतील, असा तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांचा विचार होता. लवकर केलेली बंदी उपयोगी ठरू शकते आणि नीट देखरेख असलेली उघडी शाळाही. देखरेखीशिवाय उघडलेली शाळा आणि उशिरा लादलेली बंदी, या दोन्हींपासून सावध राहायला हवं.

साथ सगळीकडे एकाच दिवशी येत नाही, हेही लक्षात घ्या. मुंबईत लाट असताना गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावर एकही रुग्ण नसतो. 2021 च्या जुलैमध्ये आपल्या राज्य शासनानं हे ओळखलं. ज्या गावात महिनाभर कोविडचा रुग्ण नाही, तिथे ग्रामपंचायतीनं पालकांशी बोलून ठराव करावा आणि आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करावेत, असं ठरलं. सरपंच अध्यक्ष असलेली समिती, एका वर्गात पंधरा-वीस मुलं, एका बाकावर एकच मूल, शिक्षकांनी शक्यतो गावातच राहायचं, अशा अटी होत्या. निर्णय घेण्याची ही पद्धत मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. माझी खंत एवढीच, की ती उशिरा आली आणि सर्वांत लहान मुलांना त्यात जागा नव्हती.

३. शाळा बंद असताना मूल कुठे असेल?

हा प्रश्न पालकसभेत फार कमी वेळा निघतो, पण सगळा परिणाम यावरच ठरतो. मूल घरी राहिलं तरच बंदीचा उपयोग. 2009 मध्ये पुण्यात शाळांबरोबर मॉल आणि चित्रपटगृहंही काही दिवस बंद केली गेली, ती याच कारणानं. शाळेला सुट्टी देऊन मुलांना लग्नाला, बाजारात, क्लासला आणि वाढदिवसाला नेलं तर विषाणूची सोय होते आणि अभ्यास तेवढा बुडतो.

आणि घरी म्हणजे कोणाजवळ? आई-वडील कामावर गेले की मूल दिवसभर आजीजवळ असतं. ज्या आजीला वाचवण्यासाठी शाळा बंद केली, तिच्याच सहवासात ते आठ-दहा तास जास्त राहतं. खोली एकच असेल तर अंतर ठेवायचं कुठे? देशात 2021 च्या जून-जुलैमध्ये झालेल्या आयसीएमआरच्या सर्वेक्षणात सहा ते नऊ वर्षांच्या 57.2 टक्के मुलांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडं सापडली. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या शाळा तोवर दीर्घकाळ बंद होत्या. म्हणजे बहुतेकांपर्यंत विषाणू शाळेबाहेरूनच पोहोचला होता.

घरी कोणी अतिजोखमीचं असेल, म्हणजे कर्करोगावर उपचार घेणारं, डायलिसिसवर असलेलं, तर त्या घरातल्या मुलाला काही काळ घरून शिकण्याची मुभा हवी. हजेरीची सक्ती नको आणि कोणी बोलणीही लावू नयेत. पण त्या एका घरासाठी आठशे मुलांची शाळा बंद करणं हा उपाय नाही.

४. याची किंमत कोण मोजणार?

कोविडकाळात ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली, लॅपटॉप आणि शिकवायला बसणारे पालक होते, त्यांची मुलं कशीबशी तरली. 2021 च्या ऑगस्टमध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित कुटुंबांतल्या सुमारे 1,400 मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात फक्त 8 टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती. 37 टक्के मुलं काहीच शिकत नव्हती. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या अहवालानुसार 2018 मध्ये देशातल्या तिसरीच्या 27.3 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. 2022 मध्ये हे प्रमाण 20.5 टक्क्यांवर आलं. मुळात कमी असलेली संख्या आणखी घसरली.

पण मी डॉक्टर आहे, म्हणून शिक्षणाबरोबर आरोग्याचंही नुकसान सांगतो. शाळा बंद म्हणजे पोषण आहाराचं गरम ताट बंद. तांदूळ आणि डाळ घरी पोहोचली तरी ती त्याच मुलाच्या ताटात पडेल याची खात्री नसते. शाळेत होणारी आरोग्य तपासणी थांबते, लोहाच्या गोळ्या आणि जंतनाशक गोळ्या चुकतात. चष्म्याचा नंबर, कमी ऐकू येणं, हृदयातली कुरकुर, अशा गोष्टी कित्येकदा शाळेच्या तपासणीतच पहिल्यांदा लक्षात येतात. आमच्याकडे त्या काळात वजन वाढलेली, रात्री दोनपर्यंत मोबाईल पाहणारी, माणसांत बुजणारी मुलं येऊ लागली. साथीच्या काळात नेहमीचं लसीकरणही मागे पडलं. 2022 च्या अखेरीस गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात गोवरानं डोकं वर काढलं आणि त्यात लहान मुलं गेली. एका आजारावर नजर खिळली की दुसरा असा मागच्या दारानं येतो.

शिवाय शाळेबाहेर पडलेली तेरा-चौदा वर्षांची मुलगी लग्नाच्या बोलण्यात ओढली जाण्याची भीती असते, आणि मुलगा कामाला जुंपला जाण्याची. हे नुकसान कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत येत नाही. म्हणून ते पालकसभेत कोणीतरी बोलून दाखवावं लागतं.

५. शाळा पुन्हा कधी आणि कोणत्या अटीवर उघडणार?

बंदीचा आदेश निघतो तेव्हाच हा प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी मागा. कोविडकाळात मुंबईत पहिलीची मुलं 2021 च्या डिसेंबरच्या मध्यावर वर्गात आली. मार्च 2020 पासून तोवर एकवीस महिने गेले होते. मधल्या काळात उपाहारगृहं उघडली, मॉल उघडले, लग्नं झाली. मग कोविडचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार आला आणि तीन आठवड्यांच्या आत, जानेवारी 2022 च्या पहिल्या आठवड्यात, शाळांना पुन्हा कुलूप लागलं. शासनानं आधी 15 फेब्रुवारीपर्यंतची बंदी जाहीर केली. पालक आणि शिक्षक बोलू लागले, आणि 24 जानेवारीपासून स्थानिक परिस्थिती पाहून शाळा उघडायला परवानगी मिळाली. पालकांच्या आवाजाला वजन असतं, ते असं.

माझा आग्रह आहे की शाळा सर्वांत शेवटी बंद व्हावी आणि सर्वांत आधी उघडावी. त्यातही सर्वांत लहान मुलांचे वर्ग आधी. सहा वर्षांचं मूल पडद्यावर बघून अक्षर गिरवायला शिकत नाही. डेन्मार्कनं 2020 च्या एप्रिलमध्येच लहान मुलांचे वर्ग उघडले, स्वीडननं सोळा वर्षांखालच्यांच्या शाळा बंदच केल्या नाहीत. आपल्याकडची गर्दी आणि इमारती वेगळ्या आहेत, हे मान्य. पण प्राधान्य कशाला द्यायचं हे इमारती ठरवत नाहीत, ते आपण ठरवतो. बंदी दोन आठवड्यांची असावी, दर आठवड्याला तिचा आढावा व्हावा, आणि रुग्णालयातल्या खाटा व गावातले रुग्ण पाहून ती उठवावी किंवा वाढवावी.

शाळा सुरू असताना घरी काय पाळायचं?

• ताप, खोकला, घसादुखी असलेलं मूल शाळेत पाठवू नका. पॅरासिटामॉल देऊन तर मुळीच नाही. औषधाशिवाय चोवीस तास ताप आला नाही की मगच पाठवा.

• शंभर टक्के हजेरीची बक्षिसं साथीच्या काळात बंद करायला सांगा. आजारी मुलं वर्गात येण्याचं ते एक मोठं कारण आहे.

• वर्गाच्या समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवायला सांगा, पावसाळ्यातही थोड्या. प्रार्थना, डबा आणि खेळ शक्य तेवढे उघड्यावर होऊ द्या. रिक्षा आणि व्हॅनच्या काचाही खाली असाव्यात.

• फ्लूची लस सहा महिन्यांपुढच्या मुलांना दरवर्षी देता येते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलांना ती जरूर द्या. गोवरासह बाकीचं लसीकरण साथीच्या काळातही थांबवू नका.

• तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची मात्रा वजनानुसार असते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या.

डॉक्टरांकडे ताबडतोब कधी न्यायचं?

श्वास भरभर चालत असेल (एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला 40 किंवा जास्त, त्यापुढच्या मुलात 30 पेक्षा जास्त), श्वास घेताना बरगड्यांमध्ये खळगे पडत असतील, ओठ निळसर दिसत असतील, मूल सुस्त पडलं असेल, पाणीही पीत नसेल, आठ तासांत लघवी झाली नसेल, झटका आला असेल, किंवा ताप उतरून पुन्हा जोरात चढला असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. फ्लूमध्ये ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या 48 तासांत सर्वांत चांगलं काम करतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच द्यायचं.

पालकहो, पुढची साथ कधी येईल हे कोणाच्या हातात नाही. तयारी मात्र साथ नसताना करता येते. येत्या पालकसभेत शाळा व्यवस्थापन समितीपुढे हे पाच प्रश्न ठेवा आणि आपल्या शाळेची लेखी योजना करून घ्या: कोणत्या परिस्थितीत कोणते वर्ग बंद होतील, आजारी मुलाचा अभ्यास कसा भरून निघेल, पोषण आहार कसा पोहोचेल, शाळा कोणत्या अटीवर उघडेल. बंदची मागणी करणारे आणि सुरूची मागणी करणारे, दोघांनाही त्या समितीत घ्या. डायलिसिसवरच्या आजोबांची सून आणि पोळ्या करणारी आई एका टेबलाशी बसून योजना लिहितील, तर ती दोघींच्याही मुलांना सांभाळेल.