माळ्यावरची अवजारे व त्यांचे वाचन

शेतीच्या इतिहासाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा सारा, दुष्काळ आणि बाजारभाव यांविषयी असते. जमीन कशी कसली, बी किती अंतरावर पडले, कोणत्या पिकाच्या शेजारी कोणते पीक घेतले, या गोष्टी ज्यांत सापडाव्यात असे कागद फारसे नाहीत. आमच्या मते त्यांची नोंद निराळ्याच जागी आहे. ती जागा म्हणजे आपल्या घराचा माळा, गोठ्याची मागची भिंत आणि जुन्या विहिरीचा काठ. तेथे धूळ खात पडलेली अवजारे हीच ती नोंद होय. ती वाचावी कशी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. काम लांबणीवर टाकण्याजोगे मात्र नाही, कारण नंदुरबारकडे ही अवजारे दरसाल थोडीथोडी चुलीत आणि भंगारवाल्याच्या गाडीवर जात आहेत.

या दोषातून आम्हीही सुटलेलो नाही. काही वर्षांपूर्वी घराची दुरुस्ती निघाली, तेव्हा वाडवडिलांच्या वेळची दोन कोळपी आम्हीच मोडून टाकिली. फास भंगारात दिले व लाकूड पाण्याच्या बंबात घातले. आपण काय जाळले, हे पुढे पाभर हाती आली तेव्हा कळले. ती हकीकत ओघाने येईलच.

नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून निघाला. त्यापूर्वी हा मुलूख पश्चिम खानदेशात मोडे, व 1906 पूर्वी तर सबंध खानदेश एकच जिल्हा होता. परंतु अवजारांच्या दृष्टीने या सरकारी सीमांना अर्थ नाही. खरी सीमा जमिनीची आहे. तापीच्या दोन्ही अंगांस शहादे, तळोदे व नंदुरबार या तालुक्यांत काळी भारी जमीन, आणि उत्तरेस अक्राणी व अक्कलकुवा येथे सातपुड्याचे खडकाळ उतार. काळ्या जमिनीतला जुना लाकडी नांगर बाभळीच्या जाड खोडाचा व वजनदार. उतारावरचा नांगर हलका, खांद्यावर टाकून एकट्याने डोंगर चढावा असा. दोन्ही नांगर शेजारी ठेविले तर ज्याने ती जमीन कधी पाहिली नाही, त्यासही तिची कल्पना यावी.

अवजारावरून माणसाचा व्यवहार ताडण्याची ही विद्या नवी नाही. तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे हे गाव आपण तीर्थ म्हणून जाणतो. तेथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व खात्यातर्फे बी. के. थापर यांनी 1955 साली केले. तळाच्या थरांत दगडाची लहान पाती व रंगीत खापरे निघाली. लोखंड आले ते वरच्या थरांत. शहादे तालुक्यातीलच सावळदे गावावरून एका प्राचीन संस्कृतीस सावळदा संस्कृती हे नाव पडले आहे, आणि तिच्या मडक्यांवर बाणाच्या टोकांसारखी आयुधे रंगविलेली आढळतात. अक्षर ठाऊक नसलेल्या त्या लोकांची हकीकत विद्वानांनी पाती व खापरे यांवरून जुळविली. मग आपल्या आज्याची हकीकत त्याच्या पाभरीवरून आपणांस का जुळविता येऊ नये?

आता पाभरीकडे वळू. वाचकांस तिचे भाग ठाऊक आहेत. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. आडवे लाकूड ते दिंड. त्यात ठोकलेले दाते ते फण, व फणांच्या टोकांस लोखंडी फारोळे. वर लाकडाचे वाटीसारखे चाडे. त्याच्या बुडाशी जितके फण तितकी भोके, व त्या प्रत्येक भोकातून फणापर्यंत गेलेला बांबूचा नळा. चाड्यावर मूठ धरणारी बहुधा घरातील बाई असे, आणि बी सारखे पडणे हे सर्वस्वी त्या मुठीवर अवलंबून असे.

आमच्या माळ्यावरील पाभरीचे दिंड आम्ही खाली काढून धुतले, तेव्हा त्यास तीनऐवजी पाच भोके आढळली. मधले एक, त्याच्या दोहों बाजूंस 12 इंचांवर एकेक, आणि पुन्हा मधल्यापासून 18 इंचांवर एकेक. पैकी 12 इंचांवरची दोन्ही भोके खुंट्या ठोकून बुजविलेली होती. म्हणजे हेच दिंड पूर्वी अरुंद ताशी व नंतर रुंद ताशी चालले. अरुंद तास ज्वारी-बाजरीचा, रुंद तास कपाशीचा, हे कोणीही शेतकरी सांगेल. एक खुंटी काढून पाहिली, तो आतील कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. उलट उघड्या भोकांच्या कडा अजून धारदार होत्या. तात्पर्य, आमच्या घराने कित्येक वर्षे धान्य पेरले, मग कपाशी धरली, आणि कपाशीवर ही पाभर फार काळ चालली नाही.

खानदेशात कपाशीचा जोर कसा वाढला हे पुस्तकांत आहेच. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेतील यादवीमुळे इकडील कापसास भाव आला. पुढे 1900 च्या सुमारास सुरतेहून नंदुरबारावरून अमळनेराकडे जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली. गिरण्यांनी सरकी काढण्याचे काम हाती घेतले आणि घरोघरचा लाकडी रेचा माळ्यावर गेला. परंतु अमुक एका घरात धान्याची जागा कपाशीने केव्हा व किती घेतली, हे पुस्तक सांगत नाही. दिंड साल सांगत नाही हे खरे. क्रम मात्र ते निश्चित सांगते.

येथेच आमची चूक उघड झाली. कोळप्याच्या फासाची लांबी पाभरीच्या दोन फणांमधील अंतराहून थोडी कमी ठेवावी लागते, नाहीतर कोळपताना उभे पीक कापले जाते. म्हणून पाभर व कोळपे ही जोडीनेच घडत. आम्ही जाळलेल्या दोन कोळप्यांचे फास सारखे होते की एक आखूड व एक लांब होते, हे आज आम्हांस आठवत नाही. ते मोजून ठेविले असते, तर दोन्ही पेरण्या एकाच वेळी चालत होत्या की एक बंद पडून दुसरी सुरू झाली, याचा निकाल लागला असता. वाचकांच्या घरी एकाहून अधिक कोळपी असतील तर त्यांनी प्रथम हे फास मोजावेत.

पाभरीचा आणखी एक भाग सहसा नजरेतून सुटतो. सुमारे हातभर लांबीचा, तोंडाशी रुंद केलेला सुटा नळा कोठे सापडला तर तो मोघा समजावा. तो पाभरीमागे दोरीने बांधीत व मागून चालणारी बाई त्यातून तुरीचे किंवा दुसऱ्या मिसळीच्या पिकाचे बी सोडी. ज्वारीच्या इतक्या ओळींनंतर तुरीची एक ओळ, असा प्रत्येक घराचा पाठ ठरलेला असे. पाऊस मध्येच गेला तर ज्वारी जाई, पण खोल मुळांची तूर तग धरी. नवापूरच्या तुरडाळीस 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपण अभिमान धरितो. पण तूर ओळीत घालण्याचे हे साधन आज किती घरांत सापडेल? भाड्याने मिळणारे पेरणीयंत्र बहुधा एका मापाला बसविलेले असते. ज्यास मिसळीचे पीक घ्यावयाचे त्यास यंत्रवाल्याची मनधरणी करावी लागते, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

मोटेविषयी फार लिहीत नाही. तेलाची इंजिने व नंतर विजेचे पंप आल्यावर ती गेली, व ती गेल्याबद्दल बैलांनी तरी खचित आनंद मानला असेल. चामडे कुजले, नाडा व सोंदूर तुटले. तथापि विहिरीवरील धाव शिल्लक असेल तर तिची लांबी मोजावी. बैल जितके चालत जवळजवळ तितकाच नाडा ओढला जाई. त्यामुळे धावेवरून त्या काळी विहिरीत पाणी किती खोलीवर होते याचा अदमास येतो. आजच्या पाण्याची खोली त्याशेजारी लिहून ठेवावी.

मापांविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. जुन्या चोपड्यांत बी किती लागले ते शेर-पायलीत लिहिलेले असते. चार शेरांची पायली हे खरे, पण मणास पायल्या कोठे 12 तर कोठे 16, आणि शेराचे भांडेही गावोगाव लहानमोठे. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला, 1958 पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली, आणि जुनी मापे देवघरात किंवा मोडीत गेली. माप गेले की चोपडीतील आकडा मुका होतो. दर बिघ्यास दोन शेर, असे आज्याने लिहिले असले, तरी तो शेर हाती नसेल तर बी दाट होते की विरळ हे कळण्यास मार्ग नाही. ज्यांच्या घरी लाकडी वा पितळी शेर आहे त्यांनी तो ज्वारीने भरून, काठाबरोबर सपाट करून, धान्य ग्रॅममध्ये तोलावे व तो आकडा चोपडीच्या पहिल्याच पानावर लिहावा. अर्ध्या तासाचे काम आहे.

सातपुड्यातील वस्तू निराळ्या. तेथे बांबूच्या तट्ट्यास माती व शेण लिंपून केलेल्या कोठीत धान्य राही, आणि वाळविलेल्या तुंब्यात राखेत मिसळून बी. हाच तुंबा काठीच्या होळीत नाचणाऱ्यांच्या कमरेस बांधलेला आपण पाहतो. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील 33 गावे आली. मणिबेलीस 1993 सालीच पाणी लागले. उतारावरून खाली काळ्या जमिनीत वसविलेल्या कुटुंबांस तो हलका नांगर येथे उपयोगी पडणे शक्य नव्हते. धडगावकडे मोर, बर्टी, भादी यांसारख्या जुन्या धान्यांची बियाणी बाएफ संस्थेच्या साहाय्याने जतन झाली आहेत, हे उत्तम झाले. बी वाचले, ते ज्या अवजाराने पेरीत त्याचीही कोणी मापे घेतली तर बरे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी वाडे धुंडाळून दप्तरे गोळा केली व 1898 पासून ती ‘साधने’ या नावाने छापली. त्यांचा अंत 1926 साली धुळ्यास झाला, व त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच आहे. कागदाला असा वाली भेटला. शेतकऱ्याची साधने, म्हणजे शब्दशः साधने, मात्र बिनवारस राहिली. पदार्थसंग्रहालयात नक्षीचा अडकित्ता मानाने बसतो; कोळप्यावर नक्षी नसते.

यासाठी संग्रहालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. अवजार खाली काढावे, ओल्या फडक्याने पुसावे, पण तासू वा रंगवू नये, कारण झीज हाच त्यातील मुख्य मजकूर आहे. भोकांमधील अंतरे, फासाची लांबी व लाकडाची जात वहीत लिहावी. बाभूळ, सागवान, तिवस, धावडा, अंजन यांतील भेद ओळखता येत नसेल तर सुतारास विचारावे. प्रत्येक भागाचे नाव घरातील वडीलधाऱ्यांकडून, ती माणसे बोलतात त्याच बोलीत, अहिराणी असो, भिल्ली असो की गुजरी, उतरून घ्यावे. पुस्तकी नाव नंतर लिहिता येते. पाभर कोणी भरली, चाड्यावर कोण असे, हेही विचारावे. बायकांस विचारण्याचे पुष्कळ जण विसरतात, आणि मुठीची गोष्ट तर त्यांनाच ठाऊक असते.

दिवाळीपूर्वी घरे झाडण्यास निघतील, तेव्हाच हे काम उरकावे. पावसाळ्यात ओल धरलेले लाकूड मात्र उन्हात ठेवू नये, सावलीत आठ-पंधरा दिवस वाळू द्यावे; उन्हाने दिंड तडकते आणि भोकांची अंतरे बदलतात.